प्रश्न : वृत्तवाहिनीने माझ्या यूट्यूब चॅनलवर स्ट्राइक टाकला, पत्रकार परिषदेतही मागे बसवतात. नाशिकच्या पत्रकारांना आमचं एवढं वावडं का?

उत्तर : आधी स्ट्राइकचं बघू, मानापमानाचं नंतर. स्ट्राइक म्हणजे दुसऱ्याचं साहित्य विनापरवानगी वापरल्याच्या तक्रारीवरून यूट्यूबने चॅनलवर ठेवलेला ठपका, आणि त्याला मुदत असते.

तुम्ही लिहिलंय की कांद्यावरच्या व्हिडिओत चांदवडच्या डिसेंबर २०२३ च्या रास्ता रोकोचा, एका वाहिनीने शूट केलेला ४० सेकंदांचा तुकडा वापरला आणि खाली वाहिनीचं नावही दिलं होतं. नाव दिल्याने काही होत नाही. 'सौजन्य' लिहिणं ही सभ्यता झाली, ती परवानगी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका, परीक्षण आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी दुसऱ्याचं साहित्य वाजवी प्रमाणात वापरायची मुभा आहे. पण किती सेकंद म्हणजे वाजवी, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही. 'सात सेकंदांपर्यंत चालतं' हे जे ग्रुपवर फिरतं, ते कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं आहे. तुम्ही त्या वाहिनीच्या बातमीची चिरफाड करत असतात, तर तुमची बाजू जड होती. तुम्ही निर्यातबंदीवर बोलत होतात आणि मागे ट्रॅक्टर हलते दिसावेत म्हणून तो तुकडा टाकलात. खरं ना? मग आधी त्यांना शांत शब्दांत मेल करा आणि स्ट्राइक मागे घ्यायला सांगा. नाही ऐकलं, तर यूट्यूबचा कॉपीराइटचा छोटा धडा पूर्ण करून ९० दिवस काढा, स्ट्राइक आपोआप उतरतो. मात्र त्या ९० दिवसांत असे ३ झाले तर चॅनल जातो, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले उसने तुकडे आजच शोधून काढा. प्रतिदावा करायचा, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं यूट्यूबला लेखी कळवायचा पर्यायही आहे. तो केला की समोरच्याला कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो. पण त्यात तुमचं नाव-पत्ता त्यांच्या हातात जातो, आणि तुमच्या केसमध्ये मी तरी हा जुगार खेळणार नाही.

स्ट्राइक काढायचे पैसे मागितले, तर फोनवर हो-नाही काही बोलू नका, सगळं मेलवर मागा. मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगल यांनी व्हिडिओ करून आरोप केला होता की एएनआय या वृत्तसंस्थेने स्ट्राइक टाकून ते काढण्यासाठी ४५ लाखांच्या आसपास रक्कम मागितली. एएनआयचं म्हणणं, आम्ही आमच्या मालकीचं रक्षण करतोय. प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत गेलं आणि दिल्ली हायकोर्टाने त्या व्हिडिओतले काही भाग काढायला लावले. दोन्ही बाजूंनी गळे काढणारे पुष्कळ झाले, पण मला त्यातून कळलं ते एवढंच, की ४०-५० सेकंदांच्या चित्रणाला केवढा भाव येऊ शकतो. आणि ते चित्रण मुळात काढतो कोण? स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेला, बातमीमागे पैसे मिळणारा बातमीदार.

मी ११ वर्षं नाशकात एका मराठी वाहिनीचा स्ट्रिंगर होतो. ऑगस्ट २०१९ चा गोदेचा पूर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याचा मेसेज आला आणि मी गोदाघाटावर पोचलो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं, तिथून शूट सुरू केलं. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, नाशिकचा पूर क्युसेकने नाही, या मारुतीच्या गुडघ्या-कमरेने मोजतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, पिशवीला लेन्सपुरतं भोक. पाणी मारुतीच्या गळ्यापर्यंत आलं तोवर मी हललो नाही. डेस्कवरून एकच फोन येत होता, 'अजून पाठव'. त्या बातमीचे मला काहीशे रुपये मिळाले, तेही तीन महिन्यांनी.

पुढे नोकरी नसलेली ती नोकरी सोडली आणि स्वतःचा चॅनल काढला. पूररेषेतल्या बांधकामांवर व्हिडिओ केला, त्यात तो शॉट टाकला. दोन दिवसांत क्लेम. स्ट्राइक नव्हता, फक्त त्या व्हिडिओची कमाई वाहिनीकडे वळली. शॉटमध्ये मागून माझ्या मित्राचा आवाज आहे, 'दाजी, मागं सरका, पायरी गेली!' तो दाजी मी. ओळखीच्या डेस्कवाल्याला फोन केला तर म्हणाला, 'मला कळतंय रे, पण सिस्टीमने आपोआप पकडलंय, वरच्यांना सांगावं लागेल.' वरच्यांना कुणी सांगितलं नाही. भांडायला गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, त्यांच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलंत ना? तसं असेल तर कायद्याचं माप बहुतेक त्यांच्याच पदरात पडतं, आणि माझ्याकडे करार म्हणावा असा एक कागदही नव्हता. मी मुकाट्याने शॉट कापला.

म्हणून वाहिन्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही. पण तुम्ही 'पत्रकार जळतात' असं जे लिहिलंय ते अर्धंच आहे. पेपरमधला माझा एक मित्र महापालिकेत तीन दिवस चकरा मारून एका ठेक्याची फाइल बघून आला. बातमी सकाळी सहाला छापून घरोघर पोचली. नऊ वाजता एका यूट्यूब चॅनलवाल्याने पेपर समोर ठेवून ती वाचून दाखवली, थंबनेलवर लाल बाण, 'मोठा खुलासा'. पेपरचं नाव नाही, माझ्या मित्राचं तर नाहीच. संध्याकाळपर्यंत ६० हजार व्ह्यूज. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. हाच मित्र मग पत्रकार परिषदेत तुमच्यासारख्याचा बूम (चॅनलचं नाव लावलेला माइक) टेबलावर दिसला की तोंड फिरवतो. त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही नसता, तो नऊ वाजताचा माणूस असतो.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी जुन्या धन्याची वकिली करतोय असं वाटेल. मोठ्या पेपरांच्या पोर्टलवर बिबट्या शिरल्याचा, एसटी पाण्यात अडकल्याचा व्हिडिओ येतो. कोपऱ्यात काय असतं? 'सौजन्य : सोशल मीडिया'. सोशल मीडिया नावाचा कुणी गृहस्थ कॅमेरा घेऊन सातपूरला उभा होता का? तो कुणा पोराने काढलेला असतो. त्या पोराने स्ट्राइक टाकला तर? टाकता येतो, त्यालाही तोच फॉर्म आहे. माहीतच नसतं.

आता पत्रकार परिषद. तिथे कुणाला पुढे बसवायचं हे पत्रकार ठरवत नाहीत, बोलावणारा ठरवतो. तो बघतो की उद्या छापून कुठे येणार आणि वाढदिवसाची जाहिरात कुणाला द्यायची आहे. अधिस्वीकृती कार्ड (पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेचं ओळखपत्र) नसलं तरी प्रश्न विचारायला कायद्याची आडकाठी नाही, पण दारातल्या माणसाशी हुज्जत घालण्यात तुमचाच वेळ जातो. मी काय करतो सांगू? मागेच बसतो, परिषद संपल्यावर जिन्यात गाठतो. खरी बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) जिन्यातच मिळते.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्र्यंबकेश्वरला वाहनांच्या प्रवेश शुल्काच्या वसुलीवरून टीव्हीच्या पत्रकारांना मारहाण झाली, तेव्हा सगळे एकत्र आले, चॅनलवालेसुद्धा. पण आपल्याकडचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा वृत्तपत्रं आणि वृत्तवाहिन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. एकट्याने फोनवर शूट करणारा त्यात बसतो का, यावर पोलीस ठाण्यात वाद घालायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. सिंहस्थ तोंडावर आहे, गर्दी, पास, बॅरिकेड हे सगळं येणार. जिल्हा माहिती कार्यालयात पाससाठी लेखी अर्ज आत्ताच देऊन पोच घेऊन ठेवा. नकार आला तरी कागद असू द्या. (मी कागद नसल्याची किंमत मोजली आहे, वर सांगितलंच.)

आणि कांद्याचा व्हिडिओ परत करणार असाल तर उसना तुकडा नको, लासलगावला स्वतः जा. लिलाव सुरू व्हायच्या आधी पोचा. ट्रॅक्टरच्या रांगेत शेतकरी मोकळे असतात, रात्री कधी निघालो, डिझेल किती गेलं, सगळं सांगतात. भाव पुकारून झाल्यावर कॅमेऱ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.