ऑइल फिल्टर जागचा हलत नाहीये, काय करू?

प्रश्न : नमस्कार, गाडीचं ऑइल पहिल्यांदाच घरी बदलायला घेतलंय. जुनं ऑइल काढून झालं, ड्रेन बोल्ट परत लावून टाकला आणि आता फिल्टर काही केल्या फिरत नाहीये. हाताने जमेना म्हणून पट्ट्याचा पाना लावला तर तो नुसता घसरतोय आणि फिल्टरचा पत्रा मधोमध दबलाय. मित्र म्हणतो आरपार स्क्रूड्रायव्हर ठोक आणि फिरव. ठोकू का?

उत्तर : थांबा, स्क्रूड्रायव्हर एवढ्यात नको. तो अगदी शेवटचा उपाय आहे आणि तुमच्या हातात अजून बरंच काही शिल्लक आहे.

आधी फिल्टर नेमका कुठे अडकलाय ते बघू, कारण ते समजलं की जोर कुठे लावायचा ते आपोआप कळतं. बहुतेकांना वाटतं की आटे गंजलेत, म्हणून गंज सोडवायचा स्प्रे मारत बसतात. पण आतले आटे कायम ऑइलमध्ये असतात, ते सहसा गंजत नाहीत. चिकटलेली असते ती फिल्टरच्या तोंडाची रबर रिंग, म्हणजे गॅस्केट. आधी ज्याने फिल्टर बसवला त्याने रिंगला ऑइलचं बोट न लावता ती कोरडीच बसवली असेल किंवा पाना लावून आवळली असेल, तर इंजिनाच्या उष्णतेने ती दाबून चपटी होते आणि धातूला घट्ट धरून बसते. त्यामुळे स्प्रेने फारसं काही होत नाही. चांगली गोष्ट ही की सगळा जोर फक्त पहिल्या झटक्याला लागतो, रिंग एकदा सुटली की पुढे फिल्टर हाताने फिरतो.

म्हणजे खरा प्रश्न ताकदीचा नाहीये, पकडीचा आहे. तुमचा पाना घसरला कारण फिल्टर तेलकट आहे, आणि पत्रा दबला कारण पट्टा मधोमध लावलात. मधला पत्रा अगदी पातळ असतो. इंजिनाकडच्या टोकाला आत जाड प्लेट असते आणि पत्रा तिच्यावर दुमडून पक्का केलेला असतो, तिथे तो सहज दबत नाही. म्हणून पट्टा जितका इंजिनाच्या जवळ नेता येईल तितका न्या. त्याआधी फिल्टर कोरड्या कापडाने नीट पुसा, मग काचपेपरची पट्टी दुमडून खरखरीत बाजू दोन्हीकडे बाहेर येईल अशी पट्टा आणि फिल्टरच्या मधे घाला. एवढ्या एका गोष्टीने कितीतरी फिल्टर सुटतात, त्यामुळे नवीन पाना आणायच्या आधी हे नक्की करून बघा.

दिशा पण एकदा तपासा, गाडीखाली आडवं पडल्यावर भलेभले यात गोंधळतात आणि फिल्टर उलट जास्तच आवळून ठेवतात. फिल्टरच्या बंद टोकाकडे समोरून बघायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवायचं, मग फिल्टर खाली लोंबत असो, आडवा असो की वर उभा असो. इंजिनाच्या बाजूने वाकून बघत असाल तर हीच दिशा उलटी दिसणार.

पट्ट्याने नाहीच जमलं तर फिल्टरच्या टोकावर टोपीसारखा बसणारा पाना मिळतो. तो फिल्टरच्या मापाचा आणि तेवढ्याच कंगोऱ्यांचा असला तरच उपयोगाचा, थोडासा जरी सैल असला तरी कंगोरे सोलून काढतो. टोक आधीच दबलं असेल तर तीन नख्यांचा पाना घ्या, त्याला रॅचेट (एकाच दिशेने पकडून फिरवणारा दांडा) लावून फिरवलं की नख्या जास्त जास्त आवळत जातात. चेनचा पाना त्याहून जबरदस्त, पत्र्यात रुततोच, पण हा फिल्टर फेकायचाच आहे तर चेपला तर चेपू दे. झटका देताना पाना स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका, कारण एकदम सुटला की हात नेमका कुठल्यातरी धारेवर जाऊन आपटतो.

अजून एक. इंजिन थोडं कोमट असलं की रिंग मऊ पडते आणि फिल्टर लवकर सुटतो. ज्यांनी अजून ऑइल काढलेलं नाही त्यांनी आधी थोडा वेळ इंजिन चालवून घ्यावं, अगदी तापवू नये, नाहीतर ऑइल हातावर आलं की पोळतं. तुमचं ऑइल मात्र काढून झालंय, तेव्हा हा मार्ग तुमच्यासाठी बंद, ऑइलशिवाय इंजिन क्षणभरही चालू करायचं नाही. आणि कोणीही काहीही सांगितलं तरी गॅसची टॉर्च किंवा कुठलीही ज्योत फिल्टरजवळ न्यायची नाही, आत ऑइल असतं.

आता स्क्रूड्रायव्हरचं. फिल्टरमधे घड्या घातलेला कागद असतो, मधोमध भोकं पाडलेली नळी असते आणि तोंडाकडून इंजिनाचा आटे असलेला स्टड थोडासा आत आलेला असतो. रिंग खरंच घट्ट चिकटली असेल तर आरपार घातलेला स्क्रूड्रायव्हर फिल्टर फिरवत नाही, पत्राच फाडत जातो. ऑइल सगळीकडे सांडतं, पत्र्याच्या धारा उघड्या पडतात आणि पकड घ्यायला काही उरतच नाही. शिवाय इंजिनाच्या फार जवळ ठोकला तर स्टडचे आटे खराब होतात, आणि मग दुखणं फिल्टरवरून इंजिनावर जातं. एकदा भोक पाडलं की फिल्टर काढल्याशिवाय गाडी जागची हलवता येत नाही, म्हणजे मागे फिरायचा रस्ता बंद. भोक नसेल तर निदान नवीन ऑइल भरून, गळत नाहीये ना हे बघून, गाडी गॅरेजला नेता येते.

गाडीखाली शिरायचं असेल तर गाडी जॅक स्टँडवर, म्हणजे गाडी उचलून टेकवायच्या पक्क्या घोड्यांवर, घेतलेली असू द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊन पान्याला झटके देणं जिवाशी खेळ आहे, हे मी कितीही वेळा सांगेन.

प्रश्न : मी स्क्रूड्रायव्हर वापरून बसलो. पत्रा पूर्ण फाटून हातात आला, आता इंजिनाला नुसती गोल प्लेट चिकटलेली आहे. पुढे काय?

उत्तर : घाबरू नका, निघते ती. आधी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. लोंबणारा पत्रा कात्रीने कापून टाका, आतला कागद आणि नळी काढून घ्या म्हणजे प्लेट मोकळी दिसेल. तिच्या मधे आट्यांचं मोठं भोक आणि भोवती छोट्या भोकांची रांग दिसेल. मोठ्या तोंडाची पकड प्लेटच्या कडेला बसत असेल तर आधी तीच वापरा. नाही बसली तर छिन्नीचं टोक प्लेटच्या बाहेरच्या कडेला तिरकं टेकवा, अशा बेताने की ठोका प्लेटला काट्याच्या उलट दिशेने ढकलेल, आणि हातोडीने हलके ठोके द्या. एकाच जागी ठोकत राहू नका, कडेकडेने जागा बदलत जा. प्लेट केसभर जरी सरकली तरी काम झालं समजा.

छिन्नी इंजिनाकडे वळू द्यायची नाही, ही खरी काळजी. रबर रिंग ज्या गुळगुळीत गोल जागेवर बसते ती बऱ्याच इंजिनांमधे ॲल्युमिनियमची असते, तिथे एक खोल ओरखडा गेला तर नवीन फिल्टरही गळत राहतो. प्लेट निघाली की त्या जागेवरून बोट फिरवून बघा, पत्र्याचा कीस पुसून घ्या. प्लेटबरोबर स्टडही बाहेर आलाय का तेही बघा, तसं होतं कधीकधी, आणि आला असेल तर तो आधी नीट बसवल्याशिवाय नवीन फिल्टर लावू नका.

प्रश्न : जुना फिल्टर खूप झटापट करून काढला, नवीन बसवला, इंजिन चालू केलं तर फिल्टरच्या तोंडातून ऑइलची धार लागली. नवीन फिल्टर खराब निघाला का?

उत्तर : बहुतेक नाही. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली असेल आणि तुम्ही नवीन फिल्टर तिच्यावर बसवलात. दोन रिंगा एकावर एक टिकत नाहीत, ऑइलचा दाब आला की एक बाहेर सरकते. घट्ट चिकटलेल्या फिल्टरच्या बाबतीत तर हे हमखास होतं, म्हणून जुना फिल्टर निघाला की पहिलं काम त्याच्या तोंडावर रिंग आहे का बघायचं, नसेल तर ती इंजिनावर आहे.

आता इंजिन लगेच बंद ठेवा, फिल्टर काढा, जुनी रिंग सोलून काढा आणि जागा कापडाने पुसा. नवीन रिंगेला बोटाने ताजं ऑइल सगळीकडून लावा, फिल्टर हाताने फिरवत न्या, रिंग टेकली असं जाणवलं की तिथून साधारण पाऊण फेरा आणखी. नेमकं किती ते फिल्टरवर किंवा खोक्यावर छापलेलं असतं, तेच धरा. पाना लावायचा नाही. पुढच्या वेळी फिल्टर सुखाने निघणार की नाही हे इथेच ठरतं. मग सांडलेलं ऑइल भरून काढा, इंजिन चालू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदात विझतो का आणि तोंडाशी ओल येते का ते बघा, इंजिन बंद करून थोडं थांबा आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायची काडी) ऑइलची पातळी बघा.

प्रश्न : माझ्या गाडीत पत्र्याचा डबा नाही, प्लास्टिकचं झाकण आहे आणि आत कागदी फिल्टर. झाकण निघत नाही. चेनचा पाना चालेल?

उत्तर : अजिबात नाही, तडकेल. त्या झाकणाला त्याच्याच मापाचा टोपीचा पाना लागतो, तो पूर्ण खाली बसवून रॅचेटने सरळ रेषेत, हळूहळू वाढता जोर द्या. इथे इंजिन कोमट असण्याचा फायदा जास्त होतो. झाकण निघालं की त्यावरची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, बदलायचीच, जुनी परत वापरायची नाही, आणि बसवताना झाकणावर लिहिलेल्या टॉर्कपेक्षा (आवळायच्या जोराचं माप) जास्त आवळायचं नाही. बऱ्याच झाकणांवर २५ न्यूटन मीटर असं छापलेलं दिसतं, तुमच्यावर जे असेल ते पाळा.

प्रश्न : काढलेला फिल्टर आणि जुनं ऑइल कुठे टाकायचं?

उत्तर : गटारात नाही, मातीत नाही, घरच्या कचऱ्यात पण नाही. फिल्टरच्या बंद टोकाला एक भोक पाडा आणि तोंड खाली करून रात्रभर भांड्यावर ठेवा, आत अडकलेलं बरंच ऑइल निथळतं. ते आणि बाकीचं जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमधे भरून, त्यात पाणी किंवा दुसरं काही न मिसळता, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला किंवा संकलन केंद्राला द्या. जुनं ऑइल कातडीला चांगलं नाही, ते वारंवार अंगाला लागत राहिलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका असतो, म्हणून हातमोजे घाला आणि काम झालं की हात साबणाने धुवा.