मराठी शब्दकोडी कशी रचायची आणि ती छापून कशी आणायची?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी शब्दकोडी सोडवता सोडवता आता मराठीत स्वतः रचावीशी वाटतात. त्यासाठी नेटवरचं सॉफ्टवेअर चालेल का, आणि मुंबईत ती छापायला कोणाकडे द्यायची, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी बरीच वर्षं हा उद्योग करते आहे, नोकरी सांभाळून, मुलुंड ते फोर्ट प्रवासात.

सॉफ्टवेअरचं आधी उरकते. इंग्रजीसाठी केलेलं सॉफ्टवेअर मराठीत फसतं. 'का' हे आपल्या लेखी एक अक्षर आहे, पण संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हं आहेत, क आणि काना. 'दप्तर'मधला 'प्त' तर तीन चिन्हांचा. मग सॉफ्टवेअर काना एका घरात आणि क दुसऱ्या घरात टाकून मोकळं होतं. मी एक्सेलमध्ये चौकोनी घरं आखते आणि हाताने भरते. त्याआधी पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर मोठा घ्या.

मराठीचा नियम एवढाच: एक अक्षर, एक घर. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं त्या एका घरात. ऐकायला सोपं आहे, पण अडचण इथूनच सुरू होते. इंग्रजीत एका घरात बसू शकणारी अक्षरं सव्वीस. आपल्याकडे एकट्या 'क'ची बाराखडीच बाराची, आणि जोडाक्षरं वेगळीच. आडव्या शब्दातला 'का' उभ्या शब्दातही 'का'च हवा, 'क' किंवा 'की' चालत नाही.

एक छोटं उदाहरण करून बघा. तीन बाय तीनचा चौकोन घ्या. वरच्या ओळीत 'दादर'. डावीकडून खाली 'दागिना'. उजवीकडून खाली 'रसद'. आता खालची ओळ ना-काहीतरी-द अशी उरते, तिथे 'नारद' चपखल बसतो. खूश झालात ना? आता मधलं घर भरा. आडवा शब्द गि-काहीतरी-स, उभा द-काहीतरी-र. उभ्याला 'दप्तर' मिळतं, पण आडव्याला 'गिप्तस' होतं. म्हणजे मधलं घर काळं. अमेरिकन कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत येतं. मराठीत तो हट्ट धरलात तर आयुष्य एका कोड्यात जाईल. काळी घरं जास्त ठेवा, फक्त चौकोन उलटा धरला तरी नक्षी तीच दिसेल एवढं बघा. त्याने कोडं सुटायला मदत होत नाही, पण पानावर देखणं दिसतं.

अक्षरं कुठे पडतात यावर सगळं अवलंबून आहे. मराठीत 'ळ' आणि 'ण' यांनी शब्द सुरू होत नाही. म्हणून 'कमळ' वरच्या ओळीत टाकलंत की 'ळ'च्या खालचं घर काळंच करावं लागतं. याउलट र, स, म, न, का, रा, वा ही गुणी बाळं, कुठेही बसतात. 'पाऊस'मधला ऊ बघून घाबरू नका, खाली ऊस, ऊन, ऊब आहेत.

ऱ्हस्व-दीर्घाने मात्र मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. 'विहीर' उभा शब्द होता आणि आडवा 'कवी'. 'वि' जुळवायला मी 'कवि' करून टाकलं. मनात म्हटलं, जुन्या पुस्तकांत असतंच की. आठवड्याने एका निवृत्त शिक्षिकेचं पोस्टकार्ड आलं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, तत्सम म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दातही. कवी, गुरू, वस्तू. अपवाद आणि, परंतु अशा अव्ययांचा. बाई बरोबर होत्या. तेव्हापासून शेवटच्या घरात 'वी' आला की खाली 'वीज' किंवा 'वीट' घेते आणि विहिरीकडे जात नाही. तसंच अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ: फूल, गरीब, वकील. पण 'मंदिर', 'मधुर' हे तत्सम, ते ऱ्हस्वच. शंका आली की अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' उघडते. अर्थासाठी मोठा कोश लागला तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. संस्था १८९८ची, म्हणजे शब्दकोड्याहून जुनी. पहिलं शब्दकोडं आर्थर विन याने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ला दिलं असं मानतात.

आता क्लू. नवे लोक इथे सर्वांत कमी वेळ देतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा. काळी घरं जास्त म्हणजे छेद, म्हणजे आडवा आणि उभा शब्द भेटतात ती घरं, कमी. छेद कमी म्हणजे कित्येक अक्षरांना दुसऱ्या शब्दाचा आधार नाही. समजा व-काहीतरी-न एवढंच सोडवणाऱ्याच्या हाती आहे. वजन, वचन, वदन, वतन, वमन, वहन, सगळे बसतात. क्लू लिहिला 'राजे देत असत', तर वतन म्हणू की वचन? 'दिलं की पाळावं लागतं' लिहा, बाकीचे पाचही आपोआप गळतात. आपला क्लू वाचून स्वतःशी भांडायचं: दुसरं काही बसतंय का? बसत असेल तर क्लू बदला, नाहीतर त्या घराला छेद द्या.

हा नुसता कारागिरीचा मुद्दा नाही. मुंबईत यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या काळात रोख बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं वेड होतं. प्रवेश फी भरायची, आणि क्लू असे की दोन उत्तरं सारखीच योग्य वाटावीत. 'बरोबर' उत्तर संचालकांनी आधीच ठरवून पाकिटात बंद केलेलं. म्हणजे शब्दज्ञान कमी आणि नशीब जास्त. बंगळूरहून निघणाऱ्या पण मुंबई राज्यात खपणाऱ्या साप्ताहिकातल्या अशा कोड्यांवरचं 'मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निकाल १९५७चा. १९५५च्या कायद्याने अशा स्पर्धांवर महिन्याला एकूण एक हजार रुपयांच्या बक्षिसाची आणि दोन हजार प्रवेशिकांची मर्यादा घातली. ही बंधनं जुगारासारख्या स्पर्धांना आहेत, कौशल्याच्या नव्हे, असं न्यायालयाने १९५७मध्येच सांगितलं. एखाद्या दिवाळी अंकाने तुमच्या कोड्याला बक्षीस ठेवलं तर त्याची कायदेशीर बाजू संपादकांनी बघावी. आपल्या बाजूने उत्तर एकच निघेल एवढं आपण बघायचं.

चमत्कृतीचे क्लू मराठीत फार छान होतात, कारण आपली अक्षरं सुटी करून खेळता येतात. 'दादरच्या शेवटी कळतो भाव (२)', म्हणजे दर; कंसात उत्तराची अक्षरं किती ते. 'सुडाचा लोंढा आला, कल्याणच्या पुढे (५)', म्हणजे बदलापूर. 'वाल्याने उलटं जपलं (२)' म्हणजे मरा. पण रोजच्या कोड्यात असे एक-दोनच टाका. चहाबरोबर कोडं सोडवणाऱ्या माणसाला परीक्षेला बसवू नये. क्लू अनेकवचनी तर उत्तरही अनेकवचनी, हे पाळा. आणि मंत्र्यांची नावं टाळा. कोडं छापून येईपर्यंत खातं बदललेलं असतं.

छापण्याआधी किमान दोघांकडून सोडवून घ्या, त्यातला एक तरी तुमच्यावर प्रेम न करणारा हवा. माझी तपासणी लेडीज डब्यात होते. घाटकोपर येईपर्यंत एखादी म्हणतेच, "ताई, सात उभा चुकलाय तुमचा." दहातल्या आठ वेळा तीच चुकलेली असते. उरलेल्या दोन वेळांसाठी मी तिला रोज कोडं देते.

कोणाकडे द्यायचं? एकदम मोठ्या दैनिकाकडे जाऊ नका. सोसायटीची स्मरणिका, वाचनालयाचा वर्धापनदिन अंक, छोटं मासिक इथे चार-पाच छापून आणा. मग पुरवणीच्या संपादकांना एक नव्हे, पाच-सहा कोडी एकदम पाठवा. त्यांना चांगल्या कोड्यापेक्षा न थांबता कोडी देणारा माणूस हवा असतो. दिवाळी अंकासाठी आषाढातच पाठवा, गणपतीत पाठवलेलं पुढच्या वर्षीचं धरा. प्रत्येक कोड्याची कोरी चौकट, भरलेली चौकट आणि क्लू एकत्र पीडीएफमध्ये द्या, क्लू युनिकोडमध्येही वेगळे द्या. पानं लावताना अजून बऱ्याच ठिकाणी श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात, रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. म्हणून छपाईआधीचं पान बघायला मागा. माझ्या एका कोड्यात काळं घर पांढरं छापलं गेलं, त्यापुढचे सगळे आकडे एकाने सरकले, आणि दिवसभर फोन मला आले.

मानधन आधी विचारा, संकोच करू नका. रक्कम बहुधा येण्या-जाण्याच्या पासाइतकीही नसते, पण ठरलेली असावी. एका मासिकाने माझी तीन कोडी माझ्या नावाशिवाय छापली आणि पैसे तर सोडाच, अंकही पाठवला नाही. तेव्हापासून पाठवलेल्या ईमेलची प्रत जपून ठेवते, आणि नाव छापणार का हे आधी लिहून घेते.

सात बाय सातपासून सुरुवात करा. पहिलं पुरं झालं की इथेच टाका, मी सोडवते. फक्त उत्तरं खाली लिहू नका, माझी नजर आपोआप तिकडे जाते.