आंब्याच्या पेटीचा हिशेब

प्रश्न : पुण्यात माझे फळांचे छोटे दुकान आहे. हापूसची पाच डझनांची पेटी मला हमाली-भाड्यासह ३,३०० रुपयांना, म्हणजे डझन ६६० रुपयांना पडते. मी डझन ९०० रुपयांना विकतो, तरी हंगामाअखेर फारसे उरत नाही. माल किती भरावा आणि भाव कधी उतरवावा?

उत्तर : आपण खर्चाला पाच डझनांनी भागता, पण विकले जातात त्याहून कमी. साठांपैकी डागी, गळून गेलेले आणि साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) निघाल्याने बदलून दिलेले मिळून सहा आंबे गेले असे धरले, तर उरतात साडेचार डझन आणि डझन पडतो सुमारे ७३३ रुपयांना. नफा २४० नव्हे, १६७. साका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे बदलून दिलेले फळ बहुतेक दुकानदार सौजन्यात जमा करतात. ते वहीत घट म्हणून लिहावे.

माल ठरवताना शेवटच्या डझनाचा विचार करावा. तो खपला तर १६७ मिळतात. न खपता आमरसासाठी ३५० रुपयांना द्यावा लागला, तर ३८३ जातात. म्हणजे तसा डझन दहांपैकी किमान सात दिवस खपत असेल, तरच तो आणणे परवडते. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी ही खात्री असते, त्यानंतरच्या एखाद्या मंगळवारी नसते. सगळा माल तयार घेऊ नये. कच्चा आणि अर्धा पिकलेला माल निराळ्या आढ्यांत (पिकवण्यासाठी गवतात रचलेल्या थरांत), तारीख लिहून लावावा. कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण सुमारे १३ अंशांखालील थंडीत राहिलेले फळ पुढे नीट पिकत नाही. घाईसाठी कार्बाइडला हात लावू नये, त्यावर कायद्याने बंदी आहे.

भाव उतरवायचा तो फळ मऊ पडण्याआधी, आणि संपूर्ण ढिगाचा नव्हे. ‘आजच खाण्याचे’ आंबे वेगळ्या टोपलीत काढून त्यांचाच भाव कमी करावा. तेथे डझन ६०० रुपयांना देताना ७३३ आठवून हात आखडू नये, कारण ते पैसे आधीच गेलेले आहेत; तुलना करायची ती उद्याच्या ३५० रुपयांशी. मात्र ही टोपली रोज ठरलेल्या वेळी बाहेर काढू नका, नाहीतर नेहमीची गिऱ्हाइके सकाळी यायचीच थांबतील.