बाबांना १४ वर्षांपासून शुगर आहे. रक्तातलं क्रिएटिनिन तपासलंय, किडनीचा साइज नॉर्मल आहे, पण किडनीच्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत) आर.आय. ०.७४ आलाय. किडनी खराब झाली का?

मी सदाशिव पेठेत सोनोग्राफी करतो. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी समोर बसून विचारला जातो, रिपोर्टची घडी उलगडत. एवढ्यावरून 'किडनी गेली' असं म्हणता येत नाही.

हृदयाचा ठोका पडला की किडनीतल्या बारीक धमनीत रक्त जोरात घुसतं आणि पुढच्या ठोक्यापर्यंत हळूहळू वाहत राहतं. समजा ठोक्याला वेग सेकंदाला ४० सें.मी. आणि पुढच्या ठोक्याच्या तोंडाशी १०. मग ४० वजा १०, भागिले ४०, म्हणजे ०.७५. हाच आर.आय., म्हणजे रेझिस्टिव्ह इंडेक्स. मधला प्रवाह रोडावला की आकडा चढतो. साधारण ०.७० च्या आत असावा असं धरतात. डायबिटीसमध्ये बारीक धमन्या कडक होतात, म्हणून तो चढतो. पण वयानं, बीपीनं, अगदी नाडी संथ असली तरीही चढतो. तेव्हा ०.७४ मध्ये बाबांचं वयही मोजलं गेलंय.

किडनीचा साइज नॉर्मल लिहिलाय म्हणून निर्धास्तही राहू नका. डायबिटीसमध्ये ती बरीच वर्षं आकसत नाही.

तुम्ही क्रिएटिनिन लिहिलंय, डॉपलर लिहिलाय, पण लघवीतल्या अल्ब्युमिन (एक प्रोटीन)-क्रिएटिनिन रेशोचा पत्ता नाही! बिघाड बहुतेकदा तिथे आधी दिसतो. सकाळची पहिली लघवी द्या. ३० च्या वर आला तर पुन्हा तपासून खात्री करतात. डॉपलरची पाळी खरं तर त्यानंतरची. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी हटत नसेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन एकदम उडी मारत असेल, तर किडनीची मुख्य धमनी अरुंद झालीय का हे बघायला तो हवाच.

आणि त्यासाठी उपाशीपोटी जा. परवा एक काका मिसळ हाणून आले. कुशीतून आतल्या धमन्या दिसल्या, मुख्य धमनी मात्र गॅसमागे गडप. 'थोडीशीच खाल्ली हो,' म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे दिलेत का, तेही बघा. उजवीकडे ०.७४ आणि डावीकडे ०.७३ असेल तर वयाचा आणि शुगरचा हिशेब लागतो. पण एकीकडे ०.७४ आणि दुसरीकडे ०.५८ असेल, तर मुख्य धमनी नीट दिसली होती का ते विचारा. अशा वेळी संशय कमी आकड्याच्या बाजूवर असतो, कारण अरुंद जागेच्या पुढे ठोक्याचा जोरच उरत नाही.