आफ्टर इफेक्ट्समध्ये (अ‍ॅडोबीचे व्हिडिओ इफेक्ट्सचे सॉफ्टवेअर) प्लगइन, म्हणजे वेगळे जोड-सॉफ्टवेअर, न वापरता सपाट लेअर्सचा घन (क्यूब) कसा बनवायचा?

५०० × ५०० पिक्सेलचे सहा चौकोनी सॉलिड (एकाच रंगाचे सपाट लेअर) घ्या, एक नल (स्वतः न दिसणारा, बाकीचे लेअर हलवायला वापरायचा लेअर) घ्या, सातही लेअर्सचा थ्रीडी स्विच चालू करा आणि सगळे सॉलिड कंपोझिशनच्या (ज्या फ्रेममध्ये काम चालू आहे तिच्या) मधोमध असतानाच नलला पेरेंट करा, म्हणजे नल हलला की तेही हलतील असे त्याला जोडा. हा क्रम महत्त्वाचा, कारण पेरेंट केल्यावर प्रत्येकाची पोझिशन नलपासून मोजली जाते आणि नलचा अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती लेअर फिरतो तो) ०, ०, ० असेल तर ०, ०, ० दिसते. मग पोझिशनचे आकडे फक्त बाजूच्या निम्मे, म्हणजे २५० टाकायचे:

- पुढची-मागची बाजू: झेड -२५० आणि २५०
- डावी-उजवी: एक्स -२५० आणि २५०, वाय रोटेशन ९०
- वरची-खालची: वाय -२५० आणि २५०, एक्स रोटेशन ९० (इथे वाय खाली वाढतो, म्हणून उणे म्हणजे वर)

नल फिरवला की अख्खा घन फिरतो. एखाद्या बाजूवरचा मजकूर उलटा दिसला तर त्या लेअरच्या वाय रोटेशनमध्ये १८० मिळवा. कडांना बारीक फट दिसली तर सॉलिड एक-दोन पिक्सेल मोठे करा.

मात्र या सहा लेअर्सच्या मध्ये टूडी किंवा अ‍ॅडजस्टमेंट लेअर (खालच्या सगळ्या लेअर्सवर इफेक्ट लावणारा लेअर) ठेवू नका. त्याच्या वरचे आणि खालचे थ्रीडी लेअर वेगवेगळ्या गटांत रेंडर होतात आणि मागची बाजू पुढे दिसू लागते.