लवादाचं कलम लिहिताना

प्रश्न : एलएलबीच्या प्रात्यक्षिकात करारातलं लवादाचं कलम लिहायचं आहे. कशाकडे लक्ष द्यावं?

उत्तर : आधी क्रियापद तपासा. ‘पक्षकारांनी ठरवल्यास वाद लवादाकडे नेता येईल’ असं लिहिलं, तर तो लवादाचा करारच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये जगदीश चंदर प्रकरणात हे स्पष्ट केलं. ‘वाद लवादाकडेच सोपवला जाईल’ असं ठाम लिहा. लवादांची संख्या विषम हवी : १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याचं कलम १०. सर्वांत घातक चूक सीटची, म्हणजे लवादाच्या कायदेशीर ठिकाणाची; कोणत्या न्यायालयाचा अधिकार चालेल ते त्यावरून ठरतं. ‘सुनावणी नागपुरात’ एवढंच लिहिलं, की निवाड्याला कोणत्या न्यायालयात आव्हान द्यायचं यावरच वर्षं जातात. म्हणून ‘लवादाची सीट : मुंबई’ असं वेगळं वाक्य घाला, सुनावणी मग सोयीच्या गावी घेता येते. कामकाजाची भाषा आणि लवाद नेमण्याची पद्धत एकेका ओळीत पुरे.