शॉपिफायच्या दुकानात फिल्टर टाकायला पेड ॲप घ्यावंच लागतं का?

तुमचं फोंड्याचं दुकान, शॉपिफायवर म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायच्या सेवेवर, काजू-कोकम-मसाले मिळून शंभरेक आयटम, आणि त्यासाठी दरमहा पैसे घेणारं फिल्टरचं (गिऱ्हाईकाला हवा तेवढाच माल गाळून दाखवणारं) ॲप घ्यावं का असं विचारलंय. नका घेऊ, आत्ता तरी अजिबात नको. शॉपिफायचं स्वतःचं सर्च अँड डिस्कव्हरी नावाचं ॲप आहे, फुकट आहे, ते टाका आणि त्यात फिल्टर्समध्ये जाऊन काय काय दाखवायचं ते निवडा, म्हणजे किंमत, स्टॉक, प्रॉडक्ट टाइप, व्हेरियंटचे ऑप्शन (एकाच मालाची वेगवेगळी वजनं वगैरे), टॅग (मालाला चिकटवलेले शब्द), मेटाफील्ड (मालाच्या माहितीत आपण वाढवलेला रकाना) वगैरे. मग थीम म्हणजे साईटचा तयार साचा, त्याच्या एडिटरमध्ये कलेक्शनचं, म्हणजे मालाच्या गटाचं पान उघडून प्रॉडक्ट ग्रिडवर क्लिक केलं की एनेबल फिल्टरिंग दिसेल, ते चालू करा, झालं. दिसलंच नाही तर थीम जुनी आहे, बहुतेक २०२१ मध्ये ऑनलाइन स्टोअर २.० आलं त्याच्या आधीची. ती सरळ बदला, कोड घुसडत बसू नका. डॉन थीम फुकट आहे आणि चांगली चालते.

पण खरी कटकट इथून पुढे. मी म्हापशाला छोट्या दुकानदारांच्या साईट करून देतो, आणि फिल्टर चालू केला की पहिला दिसतो तो आपणच भरलेला पसारा. वजनाच्या खाली २५० ग्रॅम, २५० ग्राम, २५०ग्रॅ आणि पाव किलो असे चार वेगळे चौकोन! गिऱ्हाईक त्यातल्या एकावर टिक करतं, तीन पाकिटं दिसतात, आणि दुकानात एवढंच आहे असं समजून निघून जातं. ॲपमध्ये अशा व्हॅल्यू एकत्र ग्रुप करता येतात पण ते ठिगळ झालं, त्यापेक्षा एकदा बसून सगळ्या प्रॉडक्टमध्ये एकसारखं करून टाका. ऑप्शनचं नावसुद्धा, एका प्रॉडक्टला वजन आणि दुसऱ्याला साइझ असं नको.

आता कुठले फिल्टर ठेवायचे? शॉपिफाय २५ पर्यंत देतं म्हणून २५ लावायचे नसतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काजूच्या दुकानापाशी दहा मिनिटं उभे राहा, माणसं काय विचारतात ते ऐका. अख्खा की तुकडा, सादा की खारा, सालीचा आहे का, पाव किलो कितीला. संपलं, तेच तुमचे फिल्टर. ग्रेड मात्र कोणी टुरिस्ट विचारत नाही. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात साधारण २२० ते २४० गर आणि डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०, म्हणजे आकडा वाढला की दाणा लहान, हे मिठाईवाल्याला पाठ असतं, बाकीच्यांना उलटंच वाटतं. म्हणून ग्रेड ठेवायचीच असेल तर फिल्टरमध्ये 'मोठा दाणा, डब्ल्यू २४०' असं दोन्ही लिहा. आणि व्हेंडरचा फिल्टर काढा, सगळा माल तुमच्याच ब्रँडचा तर तिथे एकच नाव दिसणार, कशाला?

अख्खा-तुकडा, सादा-खारा यासाठी टॅग वापरू नका, टॅगमध्ये 'दिवाळी ऑफर' पासून सगळा कचरा साठतो आणि तो तसाच्या तसा फिल्टरमध्ये येतो. मेटाफील्ड बनवा. सेटिंग्जमध्ये मेटाफील्ड्स अँड मेटाऑब्जेक्ट्स (आधी याचं नाव कस्टम डेटा होतं), तिथे प्रॉडक्टसाठी नवीन डेफिनिशन, प्रकार सिंगल लाइन टेक्स्ट, आणि व्हॅल्यू आधीच ठरवून द्या म्हणजे घरातलं कोणीही माल भरायला बसलं तरी यादीतूनच निवडावं लागतं, स्पेलिंगचा घोळच नाही.

एक लक्षात ठेवा, एकाच फिल्टरमध्ये दोन टिक केल्या तर दोन्हीतला माल दिसतो, पण दोन वेगळ्या फिल्टरमध्ये केल्या तर दोन्ही अटींत बसणाराच. त्यामुळे शंभर आयटमच्या दुकानात तीन टिक झाल्या की पान रिकामं व्हायला वेळ लागत नाही. माझं मत विचाराल तर तुम्हाला चार पुरे. काजू, कोकम, मसाला हे फिल्टर नकोच, ती वेगळी कलेक्शन करून मेनूत ठेवा. शेवटी सगळं मोबाईलवर तपासा, लॅपटॉपवर नाही, कारण बहुतेक ऑर्डरी मोबाईलवरूनच येतात.

आणि हो, फिल्टर लावला की वरची लिंक पण बदलते. खारा, सालीचा, अर्धा किलो असं टिक करून ती लिंक कॉपी केलीत की व्हॉट्सॲपवर विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला तीच टाकता येते, दरवेळी फोटो शोधत बसायला नको.